सहा ब्रासची खेप आणि चौदा किलोमीटरचा आडरस्ता

पुण्याच्या आग्नेयेला, अंजीर-सीताफळाच्या पट्ट्यात, एक दगडखाण आणि तिला लागून खडी क्रशर आहे. गावांची आणि पट्टाधारकाची, म्हणजे खाण पट्ट्याने घेतलेल्याची, नावं इथे देत नाही. आकडेही हिशोब समजायला सोपा जावा म्हणून गोल केले आहेत. खाणीतून सध्या दिवसाला वीस-पंचवीस खेपा निघतात. पट्टाधारकाला उत्पादन वाढवून रोज ३६० ब्रासवर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट माल), म्हणजे चार ब्रासच्या ९० खेपांवर न्यायचं होतं. पर्यावरण मंजुरीच्या अर्जाला वाहतुकीचं एक प्रकरण जोडलेलं होतं आणि त्याचा निष्कर्ष एका ओळीत संपत होता: रस्त्याची क्षमता पुरेशी आहे, वाढीव वाहतुकीचा लक्षणीय परिणाम होणार नाही. ग्रामपंचायतीने हरकत घेतली. मग पट्टाधारकानेच ते प्रकरण तपासायला आमच्या पुण्याच्या ऑफिसात पाठवलं. आमची फी खाणवाल्याने दिली होती, हे वाचकाने लक्षात ठेवलेलं बरं.

रस्ता खाणीपासून राज्यमार्गापर्यंत १४ किलोमीटर. त्यातले पहिले ५ किलोमीटर इतर जिल्हा मार्ग, म्हणजे जिल्हा परिषदेचे. पुढचे ९ प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचे. डांबरी रुंदी सगळीकडे ३.७५ मीटर आणि दोन्ही अंगांना मुरमाच्या साइडपट्ट्या. पहिल्या भागात खडीकरणावर २० मिलिमीटर कार्पेट आणि सीलकोट, एवढंच. मध्ये एक ओढा, काही ह्यूम पाइपच्या मोऱ्या आणि एक जुनी दगडी बांधकामाची मोरी. साधारण दोन किलोमीटरचा पट्टा काळ्या मातीतून जातो.

कागदावर सगळं ठीक

आधीच्या अहवालाने काय केलं होतं ते बघू, कारण त्यात आकडेमोडीची चूक एकही नव्हती. खाणीचे डंपर वगळून रस्त्यावर दिवसाला सुमारे ११०० वाहनं. त्यात ७५० दुचाकी, २७० मोटारी, जीप आणि छोटे टेम्पो, ४० सायकली, आणि ४० अवजड: एसटी, ट्रक, उसाच्या नाहीतर कांद्याच्या भरलेल्या ट्रॉल्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, ६४ क्रमांकाच्या मानकाच्या पद्धतीने ही सगळी वाहनं मोटारीच्या मापात, म्हणजे पीसीयूत, बदलली की दिवसाला ८१५ पीसीयू होतात. खाणीच्या ९० खेपा म्हणजे येऊन-जाऊन १८० फेऱ्या. एका ट्रकचे ३ पीसीयू धरून ५४०. बेरीज १३५५. एकपदरी रस्त्याची मर्यादा २००० पीसीयू. क्षमतेच्या ६८ टक्के वापर. पास.

आणि हे खरंही आहे. या रस्त्यावर कधी वाहतूक कोंडी होणार नाही.

पण ही चाचणी पुण्याजवळच्या वाघोलीच्या गर्दीच्या चौकासाठी ठीक आहे. आडरानातल्या रस्त्यावर मुळात गर्दीच नसते, त्यामुळे तिथे ही चाचणी नापास होणं जवळपास अशक्य. बरं, खाणी असतात तिथेच रस्ते रिकामे असतात. म्हणजे जो रस्ता सगळ्यात कमी भारासाठी बांधलेला असतो, तोच या कसोटीत सगळ्यात चांगले मार्क मिळवतो. खाण प्रकल्पांच्या प्रमाणित अटींमध्ये प्रश्न विचारलेला असतो तो वेगळा: प्रकल्पामुळे ट्रकची वाहतूक किती वाढेल ते काढा, आणि आहे ते रस्त्यांचं जाळं तो वाढीव भार पेलेल का ते सांगा. अहवालात भाराला गर्दी समजून उत्तर दिलेलं होतं.

चार, पाच, सहा

रस्ता खचतो तो चाकाखालच्या वजनाने, आणि तो वजनाच्या प्रमाणात खचत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून प्रयोग झाले. त्यातून निघालेला नियम आजही आपल्या आयआरसी:३७ मध्ये, म्हणजे डांबरी रस्त्यांच्या डिझाइनच्या मानकात, आहे: अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट नाही, सोळापट होतं. चौथा घात. म्हणून डिझाइनमध्ये वाहनं मोजत नाहीत, ‘प्रमाण अ‍ॅक्सल’ मोजतात. ८० किलोन्यूटनचा, दुहेरी चाकांचा एक अ‍ॅक्सल गेला की एक. एका वाहनाच्या एका फेरीत असे किती प्रमाण अ‍ॅक्सल होतात तो त्या वाहनाचा नुकसान गुणांक.

हा गुणांक वजन करून काढायचा असतो. वजनं नसली तर आयआरसी:३७ च्या २०१८ च्या आवृत्तीत एक सरासरी तक्ता आहे. सपाट प्रदेशात, दिवसाला १५० पर्यंत अवजड वाहनं असतील तर १.७ धरा, असं तो सांगतो. हा आकडा एसटी, टेम्पो, अर्धा भरलेला मालट्रक अशा मिसळीचा आहे. रोज एकाच मालाने काठोकाठ भरलेल्या डंपरांना तो लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. म्हणून आम्ही वजनकाट्यावर जाऊन बसलो.

दहा टायरचा हायवा, म्हणजे इथला नेहमीचा डंपर, रिकामा साधारण ११ टनांचा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलची मर्यादा वाढवली, त्यानुसार पुढच्या अ‍ॅक्सलला ७ टन आणि मागच्या जोड अ‍ॅक्सलला २१ टन, एकूण २८. म्हणजे कायदेशीर माल १७ टन. आता खडीचा ब्रास: १०० घनफूट, २.८३ घनमीटर, सुकी खडी असेल तर सव्वाचार टनांच्या आसपास. चार ब्रास म्हणजे १७ टन. गणित अगदी जुळतं. वाहतुकीचा पासही चार ब्रासचाच निघतो.

क्रशरवर लोडरवाला मात्र ब्रास मोजत नाही, बकेट मोजतो. हौद्याच्या वरच्या कडेला फळ्या ठोकलेल्या असतात. ठरलेली बकेटं पडली की तो थांबतो, ड्रायव्हर आरशातून मागच्या टायरांकडे बघतो, हात वर करतो, आणि शेवटची एक बकेट वरून पडते. मग ताडपत्री. काट्याची चिठ्ठी निघते, पण ती गिऱ्हाइकाच्या हिशोबासाठी. पासाच्या प्रतीला ती कोणी जोडत नाही. गिऱ्हाईक ब्रासवर पैसे देतं, मालकाला भाडं ब्रासवर मिळतं, रॉयल्टी ब्रासवर भरली जाते. या साखळीत टनांचा विचार करायचं कारण कोणालाच नाही. दोन एककांच्या मधल्या या फटीतून खेपेला एक-दोन ब्रास बिनदिक्कत पार होतात.

काट्यावर पाच ब्रास सर्रास दिसले, सहाही दिसले. त्याचे गुणांक असे येतात:

चार ब्रास, एकूण २८ टन: पुढचा अ‍ॅक्सल सव्वा, मागची जोडी पावणेचार. एका भरलेल्या फेरीला ५.
पाच ब्रास, एकूण सव्वाबत्तीस टन: ९.
सहा ब्रास, एकूण साडेछत्तीस टन: १५.
रिकामा परत जाताना: ०.३, जवळजवळ काहीच नाही.

इथे एक हमखास ऐकू येणारा युक्तिवाद निकालात निघतो. जास्त भरलं की खेपा कमी होतात, मग रस्त्याला उलट आरामच की, असं क्रशरवरच नाही, सरकारी ऑफिसातही ऐकायला मिळतं. खेपा कमी होतात हे बरोबर. पण एक ब्रास माल राज्यमार्गापर्यंत पोचवायला रस्त्याला पडणारी किंमत चार ब्रासच्या खेपेत सव्वा प्रमाण अ‍ॅक्सल, पाचच्या खेपेत १.८, आणि सहाच्या खेपेत अडीच. खेपा एक तृतीयांशने घटतात आणि नुकसान दुप्पट होतं.

हा सुक्या खडीचा हिशोब झाला. धुतलेली क्रश सँड पाणी निथळायच्या आत भरली जाते, आणि तिच्या ब्रासचं वजन यापेक्षा बरंच जास्त भरतं. पाचशे मीटरपर्यंत रस्त्यावर पाण्याची धार दिसली की समजावं, गाडी वाळूची आहे.

दहा वर्षांचा रस्ता किती वर्षं

आता सगळं वर्षाच्या मापात. खाण नसती तर रस्त्यावर ४० अवजड वाहनं, प्रत्येकी १.७, वर्षाचे ३६५ दिवस: सुमारे २५ हजार प्रमाण अ‍ॅक्सल. वार्षिक ५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत ३ लाख १० हजारांच्या घरात. ग्रामीण रस्त्यासाठी हे नेहमीचं आयुष्य आणि नेहमीचा भार.

खाणीच्या चार ब्रासच्या ९० खेपा, वर्षाचे ३०० दिवस, जाताना ५ आणि येताना ०.३ धरून: १ लाख ४३ हजार. पाच ब्रासने तेवढाच माल नेला तर ७२ खेपा आणि २ लाख. सहाने ६० खेपा आणि २ लाख ७५ हजार.

रस्ता एकपदरी असल्यामुळे हा भार अर्धा करता येत नाही. दुपदरी रस्त्यावर भरलेली गाडी एका बाजूने जाते आणि रिकामी दुसऱ्या, म्हणून क्रशरकडून येणारी बाजू आधी बसते आणि जाणारी शाबूत राहते. ३.७५ मीटरवर सगळे एकाच चाकोरीतून जातात. आयआरसी:३७ अशा रस्त्याला दोन्ही दिशांची सगळी अवजड वाहनं धरायला सांगतं ते याचसाठी.

म्हणजे अगदी नवा कोरा, दहा वर्षांच्या हिशोबाने केलेला रस्ता धरला तरी कायदेशीर भारावर तो दोन वर्षांच्या आत संपतो. पाच ब्रासवर सव्वा-दीड वर्ष. सहा ब्रासवर जेमतेम एक पावसाळा पुढे. आणि हा रस्ता नवा नव्हता.

दिवसाच्या एकूण वाहनांत खाणीचे डंपर साधारण सातात एक. नुकसानीत त्यांचा वाटा, तोही चार ब्रासची शिस्त पाळून, सातातले सहा. आमच्या अहवालात दुसरं काही कोणी वाचलं नाही तरी चालेल, हे एक वाक्य वाचावं म्हणून ते पहिल्या पानावर टाकलं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये खाणी आणि ओसाड मुलखातले लांबच लांब महामार्ग हे रोजचं प्रकरण आहे. तिथे असा भार किती टक्क्यांनी वाढतो ते आधी बघतात. पाच टक्क्यांहून जास्त वाढ दिसली की रस्त्याच्या थरांवरचा परिणाम सविस्तर काढावा लागतो, आणि दुरुस्ती ठरल्या वेळेआधी करावी लागल्यामुळे जो जादा खर्च पडतो तो प्रकल्पाकडून मागता येतो. आमच्या रस्त्यावर वाढ ५ टक्के नव्हती, जवळपास ५७० टक्के होती. आपल्याकडे असा उंबरठाच नसल्यामुळे ‘लक्षणीय परिणाम नाही’ हे विशेषण लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गाने ट्रकांनी बाहेर पडत आलं आहे. त्या रस्त्याची ओरड आणि खनिजासाठी स्वतंत्र रस्त्याची मागणी वर्तमानपत्रांत आली. पुण्याजवळची खडी तेवढी बातमी होत नाही, कारण ती कोणा एका मोठ्या खाणीतून येत नाही. पाचशे मीटरच्या आत असलेले पट्टे एकत्र धरून क्लस्टर म्हणून बघायची तरतूद २०१६ पासून आहे. पण त्याच रस्त्यावर दोन किलोमीटर पुढे दुसरा क्रशर असेल तर तो या हिशोबात येत नाही. रस्त्याला मात्र दोन्हींचे डंपर सारखेच.

थरांशिवाय बाकीचं

मोऱ्यांकडे कोणी बघितलंच नव्हतं. ह्यूम पाइपवर पुरेशी भर असेल तर ते तगून जातात, पण जुन्या दगडी मोरीच्या आडभिंतीत वरून खाली गेलेली भेग हाताचं बोट जाईल एवढी होती आणि प्रवाहाच्या अंगाला दोन दगड निसटलेले. त्या एका ठिकाणी गुणांक वगैरे काही कामाचं नाही. मोरी सरासरी भाराने जात नाही, एखाद्या सहा ब्रासच्या खेपेने जाते, आणि पलीकडच्या तीन वाड्यांचा दवाखान्याचा रस्ता तोच आहे.

कडांचं तसंच. डंपरची रुंदी अडीच मीटर, दोन समोरासमोर आले की पाच, आणि डांबर ३.७५. प्रत्येक भेटीत एकाचं चाक तरी मुरमात उतरतं. डांबराची कड तुटते, साइडपट्टी खाली बसते, आणि मधली पायरी वाढत जाते. तीन-चार इंचांच्या पायरीवरून दुचाकी खाली घसरली की परत वर चढताना पडते. अपघाताची नोंद ‘ताबा सुटल्याने’ अशी होते आणि डंपर तोवर राज्यमार्गाला लागलेला असतो. इथे वाहनांची संख्या खरंच महत्त्वाची ठरते, कारण डंपर जितके जास्त तितक्या भेटी कितीतरी जास्त. शाळा सुटायची वेळ आणि आठवड्याचा बाजार टाळून खेपा सोडल्या तर हा त्रास बराच कमी होतो, आणि त्याला खर्च शून्य.

धुळीबद्दल थोडंच. अंजिराचं पान खरखरीत, त्यावर बसलेली खडीची भुकटी फुंकून जात नाही. रस्त्यालगतच्या बागा तोडणीला आल्या की तक्रारी वाढतात. टँकरने पाणी मारणं हा अहवालातला ठरलेला उपाय, पण रोज पाणी मारलेली मुरमाची साइडपट्टी अवजड चाकाखाली लवकर बसते. धुळीचा बंदोबस्त ताडपत्री आणि क्रशरच्या फाटकापासूनचा पहिला अर्धा किलोमीटर काँक्रीटचा करण्यात आहे, कारण चाकांना चिकटून आलेली भुकटी तिथेच झडते आणि तिथे ती झाडून घेता येते.

पैसे कोणाचे

जिल्हा परिषदेचं म्हणणं, आमच्या ५ किलोमीटरचं डिझाइन या भारासाठी नव्हतंच. बांधकाम विभागाचं म्हणणं, मोरी ज्या भागात आहे तिथे आधी बोजाबंदीचा फलक लावू. रस्त्याच्या ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल होती, तो म्हणतो डंपर माझ्या करारात नाहीत, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी २०१५ च्या दुरुस्तीपासून आहे, पण त्यात पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांना पहिला मान. रस्ते-पूल मागच्या रांगेत. शिवाय हा निधी रस्ता कोणी किती वापरला यावर ठरत नाही. आरटीओचा दंड कडक आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वर जादा टनामागे दोन हजार, आणि तो चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतो. पण आडरस्त्यावर फिरतं पथक येणार किती वेळा?

त्यामुळे आम्ही नैतिकतेच्या वाटेला गेलो नाही, पट्टाधारकासमोर दोन अंदाजपत्रकं ठेवली. चार ब्रासची शिस्त पाळली तर दहा वर्षांचा एकूण भार १७ ते १८ लाख प्रमाण अ‍ॅक्सल. तो आयआरसी:एसपी:७२ च्या २० लाखांच्या मर्यादेत बसतो, म्हणजे ग्रामीण रस्त्याचंच डिझाइन, थोडं जाड. पाच ब्रासवर तो २३ लाखांच्या पुढे, सहावर ३१ लाख. तिथून आयआरसी:३७ चे थर लागतात आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात खालची भरच बदलावी लागते. मजबुतीकरणात खाणीचा वाटा सातातले सहा धरला, तर जादा भरलेला प्रत्येक ब्रास पट्टाधारकाच्या खिशातून थर वाढवतो. काट्याची चिठ्ठी पासाला जोडणं त्यापुढे फुकट होतं. हा हिशोब त्याला कोणी समजावून सांगावा लागला नाही, माणूस धंदेवाईक आहे.

एक पर्याय आम्ही सुचवला आणि तो बाजूला पडला: बारा टायरचे डंपर घ्यायचे, म्हणजे माल जास्त अ‍ॅक्सलवर वाटला जातो. गाड्या खाणीच्या नाहीत, गावातल्याच मालकांच्या आहेत, बऱ्याचशा कर्जावरच्या. त्या बदला असं सांगणं सोपं, ऐकणं कठीण. तो पर्याय मीही नंतर रेटला नाही.

ठरलं ते असं. फाटकावरच्या काट्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, आणि २८ टनांच्या वर असेल तर माल तिथेच उतरवायचा. काट्याच्या नोंदी महिन्याला ग्रामपंचायतीत लावायच्या, पासाच्या नोंदींशेजारी, म्हणजे ब्रास आणि टन एकाच कागदावर दिसतील. पहिला अर्धा किलोमीटर काँक्रीट खाणीच्या खर्चाने. पुढच्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर गाड्यांना बाजू द्यायला पक्क्या जागा, त्यांचा खर्च अर्धा अर्धा. मजबुतीकरण होईपर्यंत रोज ४० खेपांच्या वर जायचं नाही. ही शेवटची अट पट्टाधारकाला सगळ्यात जड गेली, आणि तिच्यावरच आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला.

सातातले सहा हा वाटा मात्र लेखी करारात आला नाही. त्याऐवजी एक ठोक रक्कम आली, आणि ती आमच्या हिशोबाच्या निम्म्याच्या आसपास आहे. काळ्या मातीच्या दोन किलोमीटरला ती पुरेल, जिल्हा परिषदेच्या उरलेल्या तीन किलोमीटरला नाही. बांधकाम विभागाच्या ९ किलोमीटरबद्दल पत्रव्यवहार चालू आहे. अ‍ॅक्सलची वजनं आणि रस्त्याची मोजणी दोन वेळा, एकदा ऊसतोडीच्या हंगामात आणि एकदा पावसाळ्यानंतर, करायची असं कागदावर आहे, आणि त्यातली पहिली झाली. दगडी मोरीचं माप घेऊन अंदाजपत्रक विभागाकडे गेलं आहे. तिथे सध्या तरी फक्त बोजाबंदीचा फलक लागला आहे, आणि त्यावरचा आकडा टनांत आहे.